आरव्ही-७ ची वायरिंग: आराखडा टाकतोय, चुका काढा

ओहायोकर (धागाकर्ता)

नमस्कार मंडळी. व्हॅन्स कंपनीच्या आरव्ही-७ए या स्वतः बांधायच्या छोट्या विमानाचा सांगाडा उभा आहे. पॅनेल कापण्याआधी वीजव्यवस्थेचा आराखडा पक्का करायचाय.

इंजिन लायकमिंग आयओ-३६०, यांत्रिक फ्युएल इंजेक्शन. डावीकडे मॅग्नेटो (बॅटरीशिवाय ठिणगी देणारं यंत्र), उजवीकडे इलेक्ट्रॉनिक इग्निशन. यंत्रणा १४ व्होल्टची. पुढे बेल्टवर ६० अँपिअरचा अल्टरनेटर (वीज तयार करणारं जनित्र), फायरवॉलवर (इंजिन आणि कॉकपिट यांमधल्या भिंतीवर) एक ओडिसी पीसी६८० बॅटरी. दोन १० इंची स्क्रीन, जीपीएस आणि रेडिओ एकत्र असलेला एक डबा, ट्रान्सपाँडर (रडारला विमानाची ओळख देणारा), ऑटोपायलट, गरम होणारा पिटो (हवेचा वेग मोजणारी नळी), दिवे सगळे एलईडी. व्हॅक्यूम पंप नाही. रात्री आणि ढगांतूनही, म्हणजे आयएफआर (बाहेर न बघता, उपकरणांवर), उडवायचंय.

योजना साधी आहे. एकच बस (वीज वाटणारी पट्टी), तिच्यानंतर ॲव्हिऑनिक्स मास्टर स्विच (सगळ्या इलेक्ट्रॉनिक उपकरणांचा एकच), २२ ब्रेकर (जास्त करंटला आपोआप पडणारे स्विच), सगळीकडे १८ गेजची वायर (गेजचा आकडा लहान तितकी वायर जाड), आणि अर्थ (विजेची परतीची जोडणी) जिथे जवळ पडेल तिथे पत्र्याला.

प्रश्न: ६० अँपिअर पुरतील का? दुसरी बॅटरी घालू की दुसरा अल्टरनेटर? लिथियम बॅटरी घेऊन वजन वाचवावं का?

---

फायरवॉल

तिन्ही प्रश्न खरेदीचे आहेत आणि ते शेवटी येतात. आधी हे ठरवा की वीज गेली तर इंजिन चालू राहतं का. तुमचं राहतं. इंजेक्शन यांत्रिक आहे आणि डावा मॅग्नेटो स्वतःची ठिणगी स्वतः तयार करतो. म्हणजे तुमच्याकडे वीज दिसण्यासाठी आणि बोलण्यासाठी लागते, उडत राहण्यासाठी नाही. इलेक्ट्रॉनिक इंजेक्शन आणि दोन्ही इग्निशन इलेक्ट्रॉनिक असती तर दोन बॅटऱ्या, दोन अल्टरनेटर आणि इंजिनाची वेगळी बस याखाली बोलायलाच नको होतं.

आता लोडचा तक्ता करा. एका बाजूला उपकरणं, दुसऱ्या बाजूला उड्डाणाचे टप्पे: स्टार्ट, टॅक्सी, चढण, क्रूझ, उतरणं, आणि शेवटचा रकाना 'अल्टरनेटर गेला'. लोक नेमका हाच रकाना विसरतात, आणि अख्खा आराखडा त्याच्यावरच उभा असतो. आकडे प्रत्येक उपकरणाच्या मॅन्युअलमधून घ्या. तुमच्या यादीसाठी ढोबळमानाने रात्रीची आयएफआर क्रूझ अशी:

दोन स्क्रीन ६ अँपिअर
जीपीएस-रेडिओ, नुसता ऐकताना २
ट्रान्सपाँडर १
ऑटोपायलट दीड
ऑडिओ आणि पॅनेलचे दिवे १
नेव्हिगेशन दिवे आणि स्ट्रोब ३
इलेक्ट्रॉनिक इग्निशन दीड
मास्टर काँटॅक्टरची (बॅटरी जोडणाऱ्या, विजेने चालणाऱ्या मोठ्या स्विचची) कॉइल १
पिटो हीट १०

झाले २७. उतरताना लँडिंग लाइट ५ आणि बूस्ट पंप (इंधनाचा जादा पंप) ५, वर फ्लॅपची (पंखाच्या मागच्या झडपांची) मोटर काही सेकंद ६. म्हणजे ४३. त्यात रेडिओचं बटण दाबलं की आणखी ३-४. अल्टरनेटरचा सततचा लोड क्षमतेच्या ८० टक्क्यांच्या आत ठेवावा, म्हणजे ४८. बसतं, पण काठोकाठ. पिटो सोडला तर ६० अँपिअर तुम्हाला भरपूर आहेत. सगळा भार त्या एका नळीचा आहे.

---

सौदामिनी

फायरवॉल यांच्या शेवटच्या रकान्यापासून पुढे लिहिते.

तीन बस करा. मुख्य बस. बॅटरी बस, जी मास्टर बंद असतानाही जिवंत असते. आणि एक जगवणारी बस, जिला सगळे ई-बस म्हणतात. ई-बसवर तेवढंच ठेवायचं ज्याच्या जोरावर ढगातून खाली येता येतं: एक स्क्रीन, जीपीएस-रेडिओ, ट्रान्सपाँडर, ऑडिओ, पॅनेलचा एक दिवा. बेरीज जेमतेम ७ अँपिअर. इलेक्ट्रॉनिक इग्निशन थेट बॅटरी बसवर, दीड अँपिअर. एकूण साडेआठ धरा.

रोजच्या वापरात ई-बसला मुख्य बसकडून डायोडमार्फत वीज मिळते. अल्टरनेटर गेला की ई-बसचा पर्यायी स्विच लावायचा आणि मास्टर बंद करायचा. मुख्य बस मरते, काँटॅक्टरची कॉइल खात असलेला १ अँपिअर वाचतो, आणि डायोडमुळे ई-बसची वीज उलटी मुख्य बसमध्ये जात नाही. दोन स्विच, बाकी डोकं लावायचं काम नाही. काळोखात, ढगात, हलत्या विमानात 'आता काय काय बंद करू' ही यादी आठवत बसणं हा आराखड्याचा दोष आहे, वैमानिकाचा नाही.

पीसी६८० वर १६ अँपिअर-तास लिहिलेलं असतं, पण ते २० तासांच्या हिशेबाने, म्हणजे ०.८ अँपिअर ओढल्यावर. ८ अँपिअर ओढले की नवी बॅटरीही १२-१३ च्या आसपास देते. जुनी होऊन ८० टक्क्यांवर आलेली बॅटरी १० देईल. १० भागिले साडेआठ, म्हणजे सवा तासाच्या आत. नियोजन एका तासाचं करा. दोन-अडीच तासांच्या आयएफआर प्रवासाला ते पुरत नाही, म्हणून दुसरा स्रोत हवा.

दुसरी बॅटरी की दुसरा अल्टरनेटर? अल्टरनेटर. तुमच्याकडे व्हॅक्यूम पंप नाही, म्हणजे इंजिनामागचं त्याचं पॅड (तो बसवायची फिरती जोडणी) रिकामं आहे. तिथे बसणारे ८ आणि २० अँपिअरचे छोटे अल्टरनेटर मिळतात, ते ७ किलोच्या दुसऱ्या बॅटरीपेक्षा हलके असतात आणि इंधन आहे तोवर वीज देतात. ८ वाला घेऊ नका. ते पॅड क्रँकशाफ्टच्या १.३ पट फिरतं आणि ८ अँपिअर हा जवळपास पूर्ण आरपीएमचा आकडा आहे. ॲप्रोचला (उतरण्याच्या मार्गावर) थ्रॉटल मागे घेतला की तो खाली येतो, आणि तुम्हाला वीज तेव्हाच हवी असते. २० वाल्याचा रेग्युलेटर (व्होल्टेज ठरवणारा भाग) १३ व्होल्टच्या आसपास लावला तर मुख्य चालू असताना तो गप्प बसतो आणि मुख्य पडला की आपोआप भार उचलतो.

---

ओहायोकर

ॲव्हिऑनिक्स मास्टर मग काढून टाकू? स्टार्टरच्या वेळी उपकरणांना झटका बसू नये म्हणून ठेवला होता.

---

सौदामिनी

काढा. अख्ख्या पॅनेलची वीज एका टॉगलमधून जाते आणि तो टॉगल गेला की सगळंच गेलं. आजची उपकरणं स्टार्टरच्या वेळचा चढउतार सहन करतात. खरा त्रास उलटा आहे: क्रँकिंगला (स्टार्टर इंजिन फिरवत असताना) व्होल्टेज १० च्या खाली गेलं की स्क्रीन बंद होऊन पुन्हा चालू होते. त्यावर स्क्रीनची स्वतःची बॅकअप बॅटरी हा उपाय.

ई-बसच्या डायोडसाठी २५ अँपिअरचा चौकोनी ब्रिज रेक्टिफायर (चार डायोडांचा ठोकळा) घ्या, त्यातला एकच डायोड वापरायचा. ८ अँपिअरला ०.८ व्होल्ट पडतात, म्हणजे ६ वॅटच्या वर उष्णता. प्लास्टिकच्या पट्टीवर अधांतरी लावू नका, ॲल्युमिनियमच्या पत्र्याला बोल्टने घट्ट बसवा.

---

ओझरकर

'सगळीकडे १८ गेज' हे वाचून थांबलो. १८ गेज निम्म्या ठिकाणी उगाच जाड आहे आणि जिथे जाड हवी तिथे बारीक.

वायर टेफझेलच्या आवरणाची, विमानासाठीच्या एम२२७५९/१६ मानकाची. घरगुती पीव्हीसी अजिबात नको. जळाली की तिचा धूर तुमच्या आधी कॉकपिट भरतो. ब्रेकर किंवा फ्यूज वायरला वाचवायला असतो, उपकरणाला नाही, म्हणून जोडी अशी धरा: २२ गेजला ५ अँपिअर, २० ला ७, १८ ला १०, १४ ला १५, १२ ला २०, १० ला ३०. उपकरण २ अँपिअरचं असलं तरी २२ गेजवर ५ चा फ्यूज चालतो, उगाच उडणार नाही.

दुसरी कसोटी व्होल्टेज ड्रॉपची (वायरीत वाया जाणाऱ्या व्होल्टेजची). १४ व्होल्टच्या यंत्रणेत सतत चालणाऱ्या लोडला अर्ध्या व्होल्टपर्यंत, अधूनमधून चालणाऱ्याला १ व्होल्टपर्यंत, असं एफएएचं (अमेरिकेच्या विमान प्राधिकरणाचं) मार्गदर्शक एसी ४३.१३-१बी सांगतं. तुमचा पिटो पंखात आहे, वायर १४ फूट धरू. १६ गेजचा रोध हजार फुटांना सुमारे ४ ओहम. १४ फुटांना ०.०५६, गुणिले १० अँपिअर, म्हणजे ०.५६ व्होल्ट. नापास. १४ गेजला हजार फुटांना अडीच ओहम, ड्रॉप ०.३५. पास. हे गणित प्रत्येक वायरीचं करायची गरज नाही. पिटो, लँडिंग लाइट, फ्लॅप, पंप आणि ई-बसची फीड एवढ्यांचं करा, बाकी बहुतेक सगळं २२ मध्ये बसतं.

क्रिंप (वायरीच्या टोकावर लग, म्हणजे धातूचं टोपण, दाबून बसवणं): रॅचेटवाला क्रिंपर, जो पूर्ण दाबल्याशिवाय सुटतच नाही. लग असा की जो तांबंही पकडतो आणि इन्सुलेशनही. कंपनांत वायर तुटते ती तांबं आणि लग यांच्या सांध्यावर, म्हणून इन्सुलेशनची पकड महत्त्वाची. सोल्डर केलेला सांधाही चालतो, पण सोल्डर वायरीत जिथवर चढतं तिथे ती कडक होते आणि त्या कडेलाच मोडते. आधार दिलाच पाहिजे. डी-सब (अनेक पिनांच्या) कनेक्टरच्या पिनांना चार खाचांचा वेगळा क्रिंपर लागतो. नेहमीच्या पक्कडीने दाबलेली पिन जमिनीवर चालते आणि हवेत अधूनमधून जाते, आणि असला बिघाड शोधणं म्हणजे पॅनेल उघडून बसणं. प्रत्येक आकाराचे दोन नमुने करून ओढून बघा. २२ गेजच्या सांध्याने ७ किलोची ओढ सहन केली पाहिजे.

---

ऑटोवायरमन

इचलकरंजीत गाड्यांची वायरिंग करतो, विमानातलं कळत नाही, पण दोन शंका. गाडीचा अल्टरनेटर निम्म्या किमतीत मिळतो, त्यात रेग्युलेटर आतच. तो का नाही? आणि मास्टरला गाडीच्या स्टार्टरचा सोलेनॉइड (विजेने चालणारा स्विच) का नाही, तो तर २०० अँपिअर खेचतो?

---

फायरवॉल

शंका रास्त आहेत भाऊ, दोन्ही प्रकार लोक करतात.

सोलेनॉइडचं आधी. स्टार्टरचा सोलेनॉइड थोड्या वेळासाठी बनवलेला असतो. त्याची कॉइल ३-४ अँपिअर ओढते. तास-दोन तास चालू ठेवली की जळते. मास्टरला सतत चालणारा काँटॅक्टर हवा, त्याची कॉइल १ अँपिअरच्या आत असते. दिसायला दोघे सारखे, म्हणून उलटसुलट बसवले जातात. मल्टिमीटरने कॉइल मोजा: १५-१६ ओहम म्हणजे सततचा, ३-५ ओहम म्हणजे स्टार्टरचा. दोन्ही कॉइलींना १एन४००७ डायोड लावा, पट्टीची बाजू धनाकडे. तो नसला तर कॉइल बंद होताना निघणारी शेकडो व्होल्टची उसळी स्विचचे काँटॅक्ट खाते. उलटा लावला तर पहिल्याच वेळी फ्यूज उडतो.

अल्टरनेटरचं दुखणं वेगळं. लायकमिंगच्या पुढच्या मोठ्या पुलीमुळे तो इंजिनाच्या सव्वातीन-साडेतीन पट फिरतो, म्हणजे २७०० आरपीएमला ९ हजारांच्या आसपास, आणि तोही तासन्तास. बेअरिंग आणि थंड हवेचा प्रश्न येतो. मागच्या डायोडांवर हवेची नळी सोडावी लागते. त्याहून मोठी गोष्ट म्हणजे आतला रेग्युलेटर शॉर्ट झाला तर बाहेरून फील्ड (अल्टरनेटरला चुंबकत्व देणारी वीज) तोडायला वाट नसते. व्होल्टेज १६, १८, २० असं चढत जातं आणि पॅनेल भाजून निघतं. जाड वायरीत काँटॅक्टर घालून ती तोडता येते, पण भार असताना तोडली की उसळी येते आणि धडधाकट अल्टरनेटरही मरतो.

म्हणून रेग्युलेटर बाहेर, फील्डची वायर ५ अँपिअरच्या ब्रेकरमधून, आणि तिच्यावर क्रोबार मॉड्यूल. व्होल्टेज १६ च्या थोडं वर गेलं की क्रोबार ती वायर मुद्दाम शॉर्ट करतो, ब्रेकर पडतो, फील्ड मरते, अल्टरनेटर शांत. इथे फ्यूज नको, ब्रेकरच. खोट्या ट्रिपनंतर तो एकदा पुन्हा दाबून बघता येतो.

---

ओहायोकर

म्हणजे बाकीचे २१ ब्रेकरही फ्यूज करू? हवेत फ्यूज बदलणार कसा?

---

फायरवॉल

बदलायचाच नाही. नीट हिशेब केलेला फ्यूज उडाला म्हणजे काहीतरी खरंच बिघडलंय. तिथे पुन्हा वीज घालणं म्हणजे आगीला आमंत्रण. पत्तीवाल्या फ्यूजचा ब्लॉक स्वस्त, हलका, आणि पॅनेलवरच्या २१ भोकांचं काम वाचतं.

---

ओझरकर

याच्याशी पूर्ण सहमत नाही. ब्रेकर ओढून एखादं उपकरण वेगळं करता येतं. ऑटोपायलट वेडावाकडा वागायला लागला तर ते हातात हवं. पिटो, फ्लॅप आणि ऑटोपायलटला तरी ब्रेकर ठेवीन.

---

सौदामिनी

ऑटोपायलट आणि फील्डला ब्रेकर. फ्लॅप आणि पिटोला स्विच असतोच, तिथे फ्यूज पुरे. मुद्दा ब्रेकर की फ्यूज हा नाहीच. एका फ्यूजवर दोन कामं टांगू नका एवढंच पाळा.

अर्थचं कोणी लिहिलं नाही म्हणून लिहिते, कारण धातूच्या विमानात सर्वात जास्त घोळ तिथेच असतो. फायरवॉलमधून आरपार एक पितळी बोल्ट, दोन्ही बाजूंना फास्टॉन टॅबांचा (ढकलून जोडायच्या चपट्या टोकांचा) ठोकळा. बॅटरीची ऋण वायर तिथे, इंजिन ते फायरवॉल जाड विणलेली पट्टी तिथे, आणि सगळ्या पॅनेलचे अर्थ तिथेच. पंखातले दिवे आणि पिटो मात्र जागेवरच्या पत्र्याला चालतात. पत्र्याचा रंग आणि अ‍ॅनोडायझिंग खरवडून काढा, नाहीतर बोल्ट घट्ट आणि संपर्क शून्य.

इंजिनाची पट्टी विसरली किंवा तिचा लग तुटला तर स्टार्टरचे २०० अँपिअर दुसरा रस्ता शोधतात. तो रस्ता थ्रॉटल आणि मिक्स्चरच्या केबलींमधून जातो. केबल लाल होते, आतलं आवरण वितळतं, थ्रॉटल अडकतो. स्टार्टर मंद फिरतोय आणि थ्रॉटलची केबल कोमट लागतेय, तर आधी पट्टी बघा.

हेडसेटचे जॅक पत्र्यापासून फायबरच्या वॉशरने वेगळे ठेवा. त्यांचा अर्थ ऑडिओ पॅनेललाच जायला हवा, नाहीतर इंजिनाच्या वेगाबरोबर चढणारी अल्टरनेटरची किणकिण कानात कायमची. शील्ड (वायरीभोवतीची धातूची जाळी) एकाच टोकाला अर्थ करायचं. अपवाद मॅग्नेटोच्या पी-लीडचा (मॅग्नेटो बंद करणाऱ्या वायरीचा): तिचं शील्ड मॅग्नेटोच्या अंगाला जोडलेलं असतं आणि दुसऱ्या टोकाला स्विचच्या परतीच्या टोकाला, स्थानिक पत्र्याला नाही. आणि पी-लीड तुटली म्हणजे मॅग्नेटो बंद होत नाही, चालू राहतो. स्विच 'ऑफ' असताना हाताने पंखा (प्रोपेलर) फिरवणाऱ्याला ते कळत नाही.

---

ओझरकर

लिथियमचं राहिलं. लिथियम आयर्न फॉस्फेट या वर्गात पीसी६८० च्या ७ किलोऐवजी २ किलोच्या आसपास बसते, पण:

तिचा आतला रोध फार कमी. स्टार्टनंतर ती अल्टरनेटरकडून मागेल तेवढं ओढते, ६० वाला पूर्ण क्षमतेवर तापत राहतो. आत बीएमएस (बॅटरीवर लक्ष ठेवणारं सर्किट) असतं, ते जास्त व्होल्टेजला बॅटरी तोडतं. मग बसवर एकटा अल्टरनेटर, आणि त्याची उसळी शोषायला काही नाही. क्रोबारशिवाय लावूच नका. फायरवॉलच्या इंजिनाकडच्या बाजूला उष्णता जास्त, तिथे हवा खेळती ठेवावी लागते. आणि काही उत्पादक लेबलवर 'लेड ॲसिडच्या तोडीचे' अँपिअर-तास छापतात. ई-बसच्या हिशेबात तो आकडा घातलात तर तासाचा अर्धा तास होईल. खरे अँपिअर-तास बघा.

शिवाय नाकातलं ५ किलो वजन काढलं की गुरुत्वमध्य मागे सरकतो. मागे सामान भरल्यावर आरव्ही-७ आधीच मागच्या मर्यादेकडे झुकतं. वजन-संतुलनाचा कागद काढल्याशिवाय ठरवू नका. २० वाला अल्टरनेटर घेताय तर मी लेड ॲसिडच ठेवीन.

---

ओहायोकर

सुधारलेला आराखडा: तीन बस. २० चा दुसरा अल्टरनेटर व्हॅक्यूम पॅडवर. फील्ड आणि ऑटोपायलटला ब्रेकर, बाकी फ्यूज. मुख्य अल्टरनेटरच्या जाड वायरीत फायरवॉलवर ८० चा एएनएल लिमिटर (मोठा फ्यूज) आणि ६० अँपिअर-५० मिलिव्होल्टचा शंट (करंट मोजायची पट्टी). ई-बसची पर्यायी फीड बॅटरी बसवरून १० च्या फ्यूजने थेट पॅनेलच्या स्विचला. पीसी६८० कायम. अजून काही?

---

सौदामिनी

दोन गोष्टी. बॅटरी बसवरची वायर मास्टर बंद केला तरी जिवंत असते. विमान कुठे आदळलं तर ती ठिणगी टाकू शकते, म्हणून अशी वायर ५ अँपिअरच्या फ्यूजपर्यंतच असावी असा रिवाज आहे. तुमची ई-बस ७ ओढते. तेव्हा बॅटरीजवळ एक छोटा रिले बसवा, पॅनेलच्या स्विचने फक्त त्याची कॉइल चालवा. स्विच बंद, वायर मेलेली.

शंटच्या दोन्ही बारीक वायरी विसरलात. त्या २२ गेजच्या आहेत आणि थेट ६० अँपिअरच्या तांब्याला चिकटलेल्या. प्रत्येकीला शंटपाशीच १ अँपिअरचा फ्यूज.

---

फायरवॉल

आणि उपकरणं लावण्याआधीची चाचणी. सगळे कनेक्टर मोकळे, सगळे फ्यूज काढलेले. प्रत्येक वायर टोकापासून टोकापर्यंत मीटरने वाजवा (सलग आहे ना ते तपासा), मग प्रत्येक बस आणि अर्थ यांच्यामध्ये शॉर्ट नाही ना बघा. बॅटरी लावू नका. करंट २-३ अँपिअरला मर्यादित केलेला बेंच सप्लाय लावा. एकेक फ्यूज घाला आणि कनेक्टरच्या योग्य पिनेवर व्होल्टेज मोजा. चुकलेली पिन इथे सापडली तर पाच मिनिटांचं काम आहे, स्क्रीन जोडल्यावर सापडली तर स्क्रीनच्या किमतीचं.

इंजिन चालू झाल्यावर जमिनीवरच मुख्य फील्डचा ब्रेकर ओढा. दुसरा अल्टरनेटर उचलतो का, ते बघा. मग तोही बंद करा, पर्यायी स्विच लावून मास्टर पाडा. ई-बसवरचं एकही उपकरण लुकलुकता कामा नये.

कमी व्होल्टेजचा इशारा १३.० ला लावा, १२ ला नाही. भरलेली बॅटरी नुसती बसली तर १२.८ च्या आसपास दाखवते, म्हणजे १३ च्या खाली आलात की अल्टरनेटर काही देत नाही हे पक्कं. १२ पर्यंत थांबलात तर सौदामिनींनी काढलेल्या त्या तासातला बराचसा आधीच गेलेला असतो.

---

ओहायोकर

पण दुसरा अल्टरनेटर १३ वरच लावलाय. तो काम करत असताना इशारा सारखा वाजेल ना?

---

सौदामिनी

वाजेल, काठावर असेल म्हणून. दुसऱ्याचा रेग्युलेटर १३.३ ला न्या आणि मुख्य १४.३ ला ठेवा. दुसरा भार घेतोय हे सांगणारा पिवळा दिवा वेगळा द्या. पिवळा लागला तर ई-बसबाहेरची उपकरणं बंद करायची आणि पिटो आणि लँडिंग लाइट यांपैकी एकच चालू ठेवायचं, कारण २० मध्ये दोन्ही बसत नाहीत. पिवळ्यासोबत कमी व्होल्टेजचाही इशारा आला, तर पर्यायी स्विच लावा, मास्टर पाडा आणि जवळचा विमानतळ धरा.